वजनकाट्याऐवजी टेप: उतरवलेले वजन टिकले की नाही, हे मापांवरून कसे ओळखावे

वजन उतरवताना काट्याचा उपयोग होतो, हे मान्य आहे. परंतु उतरवलेले वजन राखण्याच्या काळात तोच काटा माणसाला कधी उगाच घाबरवतो, तर कधी उगाच धीर देतो, असा माझा लातुरातला अनुभव आहे. 2023 साली अधिक श्रावणात सासुरवाडीला धोंड्याचे जेवण झाले, पाठोपाठ चुलतसासऱ्यांकडचे झाले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी काट्याने सव्वादोन किलो वाढ दाखवली. पुरणाचे धोंडे कितीही आग्रहाने वाढले गेले, तरी तीन दिवसांत सव्वादोन किलो चरबी अंगावर चढत नाही. पिष्टमय पदार्थ शरीरात ग्लायकोजेनच्या रूपाने साठतात तेव्हा प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणीही साठते, लोणच्या-पापडातील मिठामुळे आणखी पाणी अडते आणि आतड्यातील अन्नाचा भार वेगळाच असतो. उलट मे महिन्यात पारा 42 अंशांपुढे गेलेला असताना दुपारी रानातून परतलेल्या माणसाचे वजन किलोभर कमी भरते, ते केवळ घामामुळे. टिकवण्याच्या काळात आपल्याला पाण्याचा नव्हे, चरबीचा हिशेब हवा असतो, आणि तो पोटाच्या घेरावरून अधिक सरळ कळतो.

आपल्याकडे तर घेराला विशेष महत्त्व आहे. पुण्याचे मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी एकसारखा, 22.3 होता, तरीही युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के निघाली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2004 साली हे दोघांच्या छायाचित्रासह छापून आले होते. हातपाय बारीक आणि पोट पुढे, अशी शरीरयष्टी आपल्या प्रत्येक गल्लीत दिसते. तिचे वजन काट्यावर बहुधा निर्दोषच भरते. म्हणूनच भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर अशी, पुरुषांच्या बाबतीत युरोपीयांपेक्षा कमी, धरली जाते. दुसरा सोपा ठोकताळा असा, की घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. माझी उंची 174 सेंटिमीटर असल्यामुळे माझी रेषा 87 वर येते, आणि मी 90 ऐवजी हीच रेषा मानतो.

साधन म्हणजे शिंप्याची साधी टेप. ती 150 सेंटिमीटरची असते आणि तिच्या दुसऱ्या बाजूला इंच असतात. नोंदी मात्र सेंटिमीटरमध्येच ठेवाव्यात, कारण पाव इंच आणि अर्धा इंच यांच्या मधली जागा माणूस आपल्या सोयीने वाचतो. कापडी टेप वापराने ताणली जाते, म्हणून रेक्झिनची किंवा फायबरची घ्यावी आणि ती मुलांच्या कंपासमधील पोलादी पट्टीला लावून पाहावी. माझ्या पहिल्या टेपच्या टोकाची पितळी पत्री सैल होऊन पुढे सरकली होती, त्यामुळे दोन महिने प्रत्येक माप अर्ध्या सेंटिमीटरने चुकत गेले.

माप शिंप्याकडून घेऊ नये, हेही येथेच सांगितलेले बरे. शिंपी कपड्याला मोकळीक राहावी म्हणून टेपमध्ये दोन बोटे घालतो. त्याच्या कामासाठी ते योग्यच असते, पण आपल्या कामासाठी ते माप निरुपयोगी ठरते.

आता मापाची जागा. बहुतेक लोक बेंबीवरून किंवा पँटच्या पट्ट्याच्या जागेवरून माप घेतात, आणि दर वेळी थोडी वेगळी जागा धरतात. सुटलेल्या पोटाबरोबर बेंबी खाली सरकते, म्हणून ती खूण भरवशाची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली पद्धत अशी, की कुशीत बोटांनी दाबून सर्वांत खालची बरगडी शोधावी, त्याच रेषेत खाली कमरेच्या हाडाची वरची कड शोधावी, आणि या दोन्हींच्या बरोबर मध्यावर टेप यावी. पहिल्या एक-दोन वेळा दोन्ही कुशींवर बॉलपेनने ठिपका काढावा. नंतर बोटांना जागा आपोआप सापडते. पाय जुळवून, हात सैल सोडून आरशासमोर उभे राहावे, टेप पाठीमागे खाली घसरलेली नाही हे पाहावे, नेहमीसारखा श्वास सोडावा आणि तो सोडून होताच आकडा वाचावा. टेप कातडीला लागून असावी, पण काचू नये. पोट आत ओढण्याचा मोह प्रत्येकाला होतो. मोठ्याने ‘पंधरा, सोळा, सतरा’ असे मोजत राहिले की पोट आत धरून ठेवता येत नाही, ही युक्ती मला एका व्यायामशिक्षकांनी सांगितली आणि ती खरोखर लागू पडते.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे: आपला हात किती चुकतो, हे आधी मोजून ठेवावे. पहिल्याच सकाळी टेप प्रत्येक वेळी पूर्ण काढून पाच वेळा माप घ्यावे. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर 84, 85, 84.5, 84 आणि 85 असे आकडे आहेत. सरासरी 84.5 आली, आणि काहीही न बदलता माझ्या हातून एका सेंटिमीटरचा फरक पडतो, हेही कळले. याचा अर्थ, पुढे कधी 85 आले तर ती वाढ नव्हे आणि 84 आले तर तो विजय नव्हे. एरवी दोनदा मोजणे पुरते. दोन्ही मापांत एका सेंटिमीटरहून अधिक अंतर पडले, तर ती दोन्ही सोडून पुन्हा मोजावे.

किती दिवसांनी मोजावे, याला आपल्या पंचांगात तयार उत्तर आहे. एकादशी महिन्यातून दोनदा येते, घरात कोणी ना कोणी ती लक्षात ठेवतोच, आणि उपवास करणाऱ्याचे पोट सकाळी रिकामे असते. शौचाहून आल्यावर, चहाच्या आधी माप घ्यावे. साबुदाण्याच्या खिचडीनंतर घेतलेल्या मापाला ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण लागू होईल. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी मात्र तिथीऐवजी आपले चक्र धरावे; पाळीच्या आधी पोट फुगते, म्हणून पाळी संपल्यानंतरचा एक ठरावीक दिवस महिन्यातून एकदा निवडावा. रोज मोजू नये. रोज टेप गुंडाळणाऱ्याने काट्याचा छळ सोडून टेपचा छळ पत्करला, एवढेच होते.

मूळ मापाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर सोडून पट्टा ठरवावा. माझा पट्टा 82.5 ते 86.5 आहे. एखाद्या एकादशीला 87 आले तर मी फक्त लिहून ठेवतो. लागोपाठ दोन एकादशींना पट्ट्याबाहेर आले, तरच हालचाल करतो. हा नियम शांत डोक्याने आधी ठरवून वहीच्या पुठ्ठ्यावर लिहावा, कारण आकडा समोर आल्यावर माणूस लग्नसराईची, पाहुण्यांची आणि येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, आंबिलाची सबब तात्काळ शोधून काढतो. हालचाल म्हणजे उपाशी राहणे नव्हे. माझ्या घरी रात्रीच्या ज्वारीच्या दोन भाकरींची दीड होते, शेंगदाण्याच्या चटणीवर करडईचे तेल ओतून न घेता चमच्याने घेतले जाते, आणि दुपारचा दुसरा चहा बिनसाखरेचा होतो. बहुधा दोन-तीन एकादशींत घेर परत येतो.

टेपच्या जोडीला कपड्यांचीही साक्ष काढता येते, पण साक्षीदार पारखून घ्यावेत. पुरुषांची पँट अगदी खोटे बोलते: पोट वाढले की माणूस पट्टा पोटाखाली सरकवतो आणि ‘अजून चौतीसचीच लागते’ असे अभिमानाने सांगत राहतो. परकराची नाडी हवी तेवढी सैल होते, लेगिंगचे इलॅस्टिक कोणालाही नाही म्हणत नाही. याउलट स्त्रियांनी शिंप्याकडे द्यायला जपून ठेवलेले मापाचे ब्लाउज चोख असते, मात्र आतली माया उसवून ते वाढवलेले नसावे. जुन्या माणसांकडे यासाठी करदोडा होता. गाठ न बदललेला करदोडा काचू लागला की अंग भरले, आणि खाली उतरू लागला की अंग झडले, हे त्यांना कोणत्याही आकड्याशिवाय कळत असे.

नितंबांचे माप सर्वांत रुंद जागी, आणि दंडाचे व मांडीचे माप नेहमी उजव्याच बाजूला, दोन-तीन महिन्यांतून एकदा घेतले तरी चालते. त्यांचा खरा उपयोग एका ठिकाणी होतो: घेर जागच्या जागी असताना मांडी आणि दंड बारीक होऊ लागले, तर चरबी नव्हे, स्नायू जात आहेत असा संशय घ्यावा. साठीच्या पुढील माणसांच्या बाबतीत पोटरीकडे अधिक लक्ष द्यावे. आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019 च्या निकषांनुसार पोटरीचा सर्वांत जाड भाग पुरुषांत 34 आणि स्त्रियांत 33 सेंटिमीटरहून कमी भरला, तर स्नायूंची तपासणी करून घ्यावी असे सांगितले जाते. अशा वेळी भाकरी कमी करण्याऐवजी ताटातील वरण, उसळ, दूध किंवा अंडे वाढवावे लागते.

काही जणांनी मात्र काटा बाजूला ठेवू नये. हृदय अशक्त झालेल्या किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या रुग्णांना डॉक्टर रोज वजन करायला सांगतात, ते अंगात साठणारे पाणी वेळेवर कळावे म्हणूनच. तेथे टेप काट्याची जागा घेऊ शकत नाही. गरोदरपणात तर वजनाचीच नोंद लागते. घोट्याजवळ सूज दिसत असेल, किंवा खाणेपिणे पूर्वीसारखेच असताना घेर लागोपाठ उतरत असेल, तर पुढच्या एकादशीची वाट न पाहता मापांची वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.