दिव्यांग माजी सैनिक आणि घराचा लाभ: सोलापुरात अर्ज करताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त गल्लत होते ती टक्केवारीत. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, अपंगत्व ५० टक्के लिहिलंय म्हणजे दिव्यांगांच्या कोट्यात आपण बसलोच, असं अनेक जण धरून चालतात. पण वैद्यकीय मंडळाने ३० टक्के ठरवलेलं अपंगत्व ब्रॉड बँडिंगमध्ये, म्हणजे टक्केवारी वरच्या ठरावीक टप्प्यावर नेण्याच्या पद्धतीत, ५० होतं, ते फक्त पेन्शनच्या हिशेबापुरतं. घरासाठी दिव्यांग म्हणून अर्ज करायचा तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र हवं. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करून सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणी करून घ्यावी लागते. मिलिटरी हॉस्पिटलचे कागद तिथे जोडायला उपयोगी पडतात, पण प्रमाणपत्राची जागा घेत नाहीत. आणि पेन्शन उच्च रक्तदाबावर मिळालेली असेल, तर तो आजार कायद्यातल्या २१ प्रकारांत नाहीच. मग सिव्हिलची रांग कशाला धरायची?

अशांनी माजी सैनिकांच्या कोट्यातून अर्ज करावा. म्हाडाच्या सोडतीत त्यांना ५ टक्के घरं राखीव असतात आणि सोलापूर जिल्हा पुणे मंडळाकडे येतो. तिथे युद्धात कामी आलेल्या किंवा जायबंदी झालेल्या जवानांच्या कुटुंबांचा प्रवर्ग वेगळा आहे. दोन्ही एकच समजून भलताच प्रवर्ग निवडला तर अर्ज छाननीत बाद होतो.

गृहकर्ज काढलेल्यांनी केंद्रीय सैनिक बोर्डाची व्याज सवलत जरूर पाहावी. व्याजाचा निम्मा भाग, जास्तीत जास्त १ लाखापर्यंत परत मिळतो. पण अपंगत्व युद्धात आलेलं किंवा सेवेमुळेच आलेलं असलं पाहिजे, आणि ते कागदावर स्पष्ट दिसलं पाहिजे. नुसतं ‘मेडिकल ग्राउंडवर घरी आलो’ सांगून काम होत नाही. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच जातो.

पंतप्रधान आवास योजनेत पती, पत्नी किंवा अविवाहित मुलांच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. बार्शीकडे नाहीतर मंगळवेढ्याला वडिलोपार्जित घराला आपलं नाव लागलेलं असतं आणि ते ध्यानातच नसतं. सातबारा पाहून निर्धास्त होऊ नका. गावठाणातलं घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, सापडतं. कुंभारीच्या रे नगरची चौकशीही बरेच जण करतात, पण ती वसाहत विडी, यंत्रमाग अशा असंघटित कामगारांसाठी आहे.

नावाचा घोळ किरकोळ वाटतो, पण त्यापायी महिनोन् महिने जातात. सैन्यातून निवृत्त होताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकात बायकोचं माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल, तर आधी सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती करून घ्या, मगच अर्ज भरा.

घर आधीच असेल तर माजी सैनिकांना २०२० पासून असलेली मालमत्ता करमाफी सोडू नका. ती एकाच मालमत्तेला मिळते आणि आपोआप लागू होत नाही: सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला आणि राज्यात दुसरीकडे लाभ घेतला नसल्याचं घोषणापत्र घेऊन महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा लागतो.