दारू सोडवायची तर आधी एवढं बघा

भाजीत कालवून द्यायची गोळी माझ्याकडे मिळणार नाही. माजलगावात माझं मेडिकल आहे. काउंटरवर गर्दी नसली की कुणी मावशी, कुणी नवी सून हळूच विचारते, "भाऊ, त्यांना कळू न देता द्यायची हाय का?" ती गोळी म्हणजे डायसल्फिरम. ती पोटात असताना दारू घेतली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी एकदम उतरतं. जीवही जाऊ शकतो, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो. पिणाऱ्याची स्वतःची तयारी आणि डॉक्टरचं लक्ष, दोन्ही असेल तरच ती द्यायची.

आधी बघा, नुसतं पिणं आहे की शरीराला दारू लागायला लागलीय. पूर्वी नव्वदीत डुलणारा आता अख्खी क्वार्टर रिचवून सरळ चालत घरी येतो. लोक म्हणतात, "पचवतो गडी!" पचवत काही नाही, अंग सरावलंय. सकाळी चहा घेताना कप-बशी वाजते का? थोडी घेतली की थरथर थांबते का? "आज एकच" म्हणून बसला की उठवत नाही का? कारखान्याची उचल हातात आली की किराण्याआधी दुकान गाठतो का? डोळे पिवळे झाले, डॉक्टरनं बजावलं, तरी चालूच आहे का? अशी तीन लक्षणं वर्षभरात एकत्र दिसली, तर ते व्यसन समजा. मग "मनावर घेत नाही" म्हणून भांडून काही उपयोग नाही.

आता माळेचं. एकादशीला माळ घातली आणि त्याच दिवशी बाटली बंद, असं आपल्याकडं पुष्कळ होतं. माळेनं सुटलेले लोक माझ्या गल्लीतच आहेत, तिला नावं ठेवत नाही. पण रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवली की पहिल्याच दिवशी घाम, मळमळ, थरथर सुरू होते. दोन दिवसांत कधीही फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, माणूस गोधडीवरून नसलेलं काहीतरी वेचत बसतो, मेलेल्या आजाशी बोलतो. घरचे म्हणतात "बाहेरचं लागलं", आणि जीप देवऋष्याकडं वळते. उपचार न मिळाल्यानं यात माणसं दगावतात. जीप थेट सरकारी दवाखान्यात न्या. म्हणून माळ जरूर घाला, पण आधी डॉक्टरला दाखवा.

गावातल्या डॉक्टरला "नुसतं सलाईन लावा" असा आग्रह धरू नका. पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व कमी असतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. पितो हे लपवू नका, म्हणजे डॉक्टर आधी ते इंजेक्शन देईल.

आपल्याला अंबाजोगाईचं स्वाराती मेडिकल कॉलेज जवळ, तिकडं मानसोपचार विभागात दाखवा. नांदेड, लातूरकडच्यांना त्यांची मेडिकल कॉलेजं आहेत. जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: शेवटची कधी घेतली, रोज किती, देशी की हातभट्टी, आधी फिट आली होती का. कुठं जावं सुचत नसेल तर 14446 हा सरकारचा नशामुक्तीचा नंबर लावा, पैसे पडत नाहीत.

आणि झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय मागू नका. दारूवर ती घेतली तर श्वास मंदावतो.