इटालियन डिटेक्टिव्ह कादंबरी कशी वाचावी

इटालियन डिटेक्टिव्ह कादंबरी हातात घेतली की बरेच वाचक पन्नासेक पानांनंतर चुळबुळायला लागतात. खून पहिल्याच प्रकरणात झालेला असतो, आणि तपास अधिकारी मात्र निवांत मासे खात बसलेला. पुढे खुनी सापडतो, पण त्याच्या हातात बेड्या पडतीलच असं नाही. मग पुस्तक 'संथ' ठरतं. खरं तर वाचक भलतंच कोडं सोडवत बसलेला असतो. खून कोणी केला हे या कादंबऱ्यांत अनेकदा अर्ध्या गावाला ठाऊक असतं. ते उघड बोलायची कोणाची छाती नाही आणि ते दाबून कोणाचं भलं होणार आहे, यावर वाचताना लक्ष ठेवायचं.

आधी एक शब्द लक्षात ठेवा: जाल्लो, म्हणजे पिवळा. १९२९ मध्ये मिलानच्या मोन्दादोरी प्रकाशनाने पिवळ्या मुखपृष्ठांची रहस्यकथांची माला काढली आणि इटलीत रहस्यकथेला तेच नाव चिकटलं. फॅसिस्ट सरकारला हा प्रकार खुपत होता. शिस्तीच्या राज्यात खून होतात आणि पोलीस चुकतात, हे छापून यावं कशाला? १९४१ मध्ये माला बंद पडली, युद्धानंतर पुन्हा सुरू झाली. सत्तेशी असलेली ही खडाखडी या साहित्यात आजही जाणवते. पुस्तकं शोधताना मात्र नुसतं 'जाल्लो' टाकू नका. इटलीबाहेर हा शब्द साठ-सत्तरच्या दशकातल्या रक्तरंजित चित्रपटांसाठी रूढ आहे, त्यामुळे तेच समोर येतील. लेखकाच्या नावाने शोधा.

सुरुवात आंद्रेआ कामिल्लेरी यांच्या मोंतालबानो मालेपासून करावी; मोंतालबानो हा सिसिलीतला पोलीस अधिकारी. पहिली कादंबरी १९९४ ची, इंग्रजीत 'द शेप ऑफ वॉटर'. जवळजवळ प्रत्येक पुस्तकाचं माप ठरलेलं आहे: अठरा प्रकरणं, आणि लेखकाच्या टंकलिखितात प्रत्येक प्रकरण दहा पानांचं. एका बैठकीत तीन प्रकरणं वाचली तर सहा बैठकांत पुस्तक संपतं, आणि हा वेग योग्य आहे. दिवसाला एकच प्रकरण वाचलं तर नावं निसटतात. निदान पहिली पाच पुस्तकं क्रमाने वाचा. तिसऱ्यात एक लहान मुलगा येतो, त्याचे पडसाद पुढे अनेक पुस्तकांत उमटतात. मधूनच सुरुवात केली तर नायक आणि त्याची मैत्रीण लिव्हिया का भांडतात हेच कळत नाही.

दुसरं पुस्तक लेओनार्दो शाशा यांचं 'द डे ऑफ द आउल', १९६१ चं. छोटंसं आहे, पण धार अशी की एकही परिच्छेद गाळू नये. पहाटे चौकात बस सुटायच्या बेतात असते, चढणाऱ्या माणसाला गोळ्या लागतात, आणि काराबिनिएरी (इटलीचं लष्करी पोलीस दल) येताच प्रवासी पांगतात. तिथेच खाद्यपदार्थ विकणाऱ्याला नंतर गाठून विचारलं जातं, तर गोळ्या झाडल्या गेल्या हेच जणू त्याला नवीन. हा प्रसंग दोनदा वाचा. मौन हाच इथला सर्वांत मोठा पुरावा आहे, आणि तो वाचता आला की सिसिलीतल्या निम्म्या कादंबऱ्या उलगडतात.

कार्लो एमिलिओ गाद्दा यांच्या १९५७ च्या रोममधल्या प्रसिद्ध कादंबरीने सुरुवात करू नका. ती थोर आहे, पण बोलीभाषांचा गुंता भयंकर आणि उकल अर्धवट. चार-पाच पुस्तकं पचल्यावर घ्या.

आता ज्यावर सगळे अडखळतात ते: गणवेश. इटलीत पोलीस एक नाहीत. राज्य पोलीस गृहखात्याच्या अखत्यारीत. त्यांचा अधिकारी कोम्मिस्सारिओ आणि मुख्यालय क्वेस्तुरा. काराबिनिएरी हे लष्करी दल, संरक्षण खात्याखालचं. म्हणून त्यांच्यात कॅप्टन आणि मारेशाल्लो असे लष्करी हुद्दे भेटतात. आर्थिक गुन्ह्यांसाठी ग्वार्दिया दी फिनान्झा वेगळीच. एकाच खुनावर पोलीस आणि काराबिनिएरी दोघंही पोचू शकतात, आणि त्यांच्यातली चढाओढ हा कथेचा भाग असतो. तपासाची सूत्रं सरकारी वकिलाच्या, म्हणजे पुब्लिको मिनिस्तेरोच्या हाती असतात. ही पद्धत १९८९ पासूनची. त्याआधी ती तपास करणाऱ्या न्यायाधीशाकडे असायची. म्हणून पुस्तकाचं प्रकाशनवर्ष आणि कथेचा काळ आधी पाहून घ्या. कार्लो लुकारेल्ली यांचा दे लुका एप्रिल १९४५ च्या कोसळत्या फॅसिस्ट राजवटीत तपास करतो आणि मौरित्सिओ दे जोव्हान्नी यांचा रिच्चार्दी १९३१ च्या नेपल्समध्ये. तिथे 'वरून' फोन येणं याचा अर्थच निराळा.

एक कागद घ्या, तीन रकाने पाडा: नाव, हुद्दा, मूळ गाव. तिसरा रकाना टाळू नका. शाशांचा कॅप्टन बेल्लोदी उत्तरेतल्या पार्माचा आहे, म्हणून सिसिलीत तो परका. आन्तोनिओ मान्झिनी यांचा रोमन अधिकारी स्क्याव्होने आल्प्समधल्या आओस्तात शिक्षा म्हणून पाठवलेला. थंडी, बर्फ आणि तिथली माणसं, सगळ्यांशी त्याचं वैर. आपल्याला सगळे 'इटालियन' वाटतात, त्यांना एकमेकांचे उच्चारही खटकतात. मोंतालबानोचं विगाता नकाशावर सापडणार नाही, ते काल्पनिक आहे. त्याच्यामागे कामिल्लेरींचं जन्मगाव पोर्तो एम्पेदोक्ले आहे, ते नकाशात पाहून ठेवा.

संबोधनांकडेही कान द्या. 'दोत्तोरे' दिसलं की डॉक्टर आला असं समजू नका. कोणत्याही पदवीधराला तसं म्हणतात, कोम्मिस्सारिओलासुद्धा. इटालियनमध्ये 'तू' आणि आदरार्थी 'लेई' वेगळे आहेत. इंग्रजी अनुवादात दोन्हींचं एकच 'यू' होतं आणि चौकशीतला अर्धा ताण तिथेच गळतो. आपल्याला तो परत भरता येतो: संवाद मनात मराठीत म्हणा आणि कोण कोणाला 'तुम्ही' म्हणेल, कोण 'तू'वर उतरेल हे ठरवा. बोलीचंही तसंच. मोंतालबानो फोनवर 'मोंतालबानो सोनो' ('मी मोंतालबानो आहे') म्हणतो, क्रियापद शेवटी. प्रमाण इटालियनमध्ये 'सोनो' सहसा आधी येतं. ही सिसिलियन धाटणी आहे. मराठी कानाला ती सरळ वाटते, इंग्रजीतून मात्र तिचा मागमूस राहत नाही.

जेवणाची वर्णनं ओलांडून पुढे पळू नका. अधिकारी कोणाबरोबर जेवतो, कोणाकडे जेवायला नकार देतो आणि जेवताना कुठला विषय टाळतो, यात बरीच माहिती असते. मोंतालबानोला जेवताना बोललेलं खपत नाही. म्हणून टेबलावर कोणी तोंड उघडलं तर ते नोंदवा.

शेवटाबद्दल आधीच तयारी ठेवा. कागदोपत्री निकाल एक आणि खरी हकीकत दुसरी, असं वारंवार होतं. पुस्तक संपल्यावर कागदावर दोन ओळी लिहा: फायलीत काय गेलं आणि प्रत्यक्षात काय घडलं. त्या जुळत नसतील तर कुठे फाटा फुटला ते शोधायला पहिल्या प्रकरणाकडे परत जा. 'द शेप ऑफ वॉटर'मध्ये प्रेत सापडतं ते सर्व्हेअरची पदविका असूनही कचरा उचलणाऱ्या दोन तरुणांना. पोलिसांकडे जाण्याआधी ते एका वजनदार वकिलाला फोन करतात, आणि काराबिनिएरींकडे जायचं तर त्यांच्या मनातही येत नाही, कारण तिथला लेफ्टनंट मिलानचा. पहिल्या वाचनात ही दीड-दोन पानं नुसती प्रस्तावना वाटते. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल जवळ ठेवा.