गावच्या ई-क्लास जमिनीचे भवितव्य कसे ठरवावे

सौर प्रकल्प, घरकुले, क्रीडांगण किंवा गोदाम यांसाठी ई-क्लास जमिनीची, म्हणजे गावच्या चराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनीची (गायरानाची), मागणी आली की ग्रामपंचायतीत चर्चा सुरू होते ती 'ही पडीक जमीन कोणाला द्यायची' इथून. त्याआधी आज ही जमीन कोण, कोणत्या महिन्यात आणि कशासाठी वापरते, हे लिहून काढले पाहिजे, आणि ते कागदावर येईपर्यंत कोणताही प्रस्ताव ग्रामसभेपुढे ठेवू नये.

ही पाहणी उन्हाळ्यात करू नये. उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे शेवटचे पीक निघून शेते रिकामी झाल्यावर, गावची ढोरे मोकळ्या शेतांत चरतात, त्यामुळे एप्रिलमध्ये गेलेल्या माणसाला ई-क्लास ओस दिसते आणि ती कोणाच्याच उपयोगाची नाही असे वाटते. जूनमध्ये पेरणी झाली की चित्र उलटते. कपाशी आणि तूर निघेपर्यंत शेतात ढोर घालता येत नाही, धुऱ्यावरचा (बांधावरचा) चारा ज्याच्या त्याच्या मालकीचा असतो, आणि ज्याच्याकडे स्वतःची जमीन नाही पण दोन शेळ्या किंवा एक गाय आहे, त्याला या सहा-सात महिन्यांत ई-क्लासशिवाय दुसरा आधार नसतो. म्हणून एक फेरी पोळ्याच्या आसपास आणि दुसरी दिवाळीनंतर करावी. गायकी (गावची गुरे राखणारे), शेळ्या राखणाऱ्या बाया आणि सरपण आणणारी कुटुंबे यांना सोबत घ्यावे, कारण कुठे मारवेल आणि पवन्या ही चाऱ्याची गवते टिकून आहेत, कुठे तरोटा आणि रायमुनिया या तणांनी गवत मारले आहे, हे त्यांना नकाशापेक्षा नेमके माहीत असते.

दुसरे काम कागदपत्रांचे. तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, सातबारा, गाव नकाशा आणि अतिक्रमणांची नोंदवही असलेला गाव नमुना १-ई यांच्या प्रती घ्याव्यात. विदर्भातल्या गावांनी आणखी दोन कागद आवर्जून मागावेत: निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील निस्तारपत्रकाची तरतूद खास विदर्भासाठी आहे. कलम १६१ नुसार होणाऱ्या या पत्रकात चराई, सरपण आणि लाकूडफाट्याचे हक्क व त्यांच्या अटी नमूद असतात, तर वाजिब-उल-अर्जात वाटेचे, पाण्याचे आणि मासेमारीचे रिवाज असतात. अनेक गावांत हे कागद जुन्या दप्तरात पडून आहेत आणि नव्या पदाधिकाऱ्यांनी ते पाहिलेलेही नाहीत, याचे मला फार वाईट वाटते, कारण जमिनीवरचा गावाचा हक्क सांगणारा याहून भक्कम पुरावा सहसा नसतो.

नमुना १-ई मधली सगळी नावे एका मापाने मोजू नयेत. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात शेतीसाठी झालेली काही भूमिहीनांची अतिक्रमणे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानुसार नियमित होण्यास पात्र होती. अशा कुटुंबांचे दावे आधी निकाली काढावेत. धनदांडग्यांनी अलीकडे पाडलेले प्लॉट हा वेगळा विषय आहे.

कायद्याची चौकटही ग्रामसभेला आधीच सांगावी. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश दिले, आणि त्यानंतर १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयाने गायरान अन्य कामासाठी देण्यावर कडक बंधने आली. ही जमीन बहुधा शासनाच्या नावे असते. त्यामुळे ठराव झाला म्हणजे जमीन दिली गेली असे होत नाही, प्रस्ताव महसूल यंत्रणेकडे जातो. मात्र तिथे गावाची बाजू म्हणून ठरावच वाचला जातो.

प्रस्ताव तोलताना एकच कसोटी मी सर्वांत वर ठेवतो: निर्णय चुकला तर तो मागे घेता येईल का? चराईचे गट पाडून एकेक गट पावसाळ्यात बंद ठेवणे, रोजगार हमीतून सलग समतल चर खोदणे, गवताचे बी टाकणे ही कामे दोन वर्षांनी बदलता येतात. काँक्रीटचे बांधकाम किंवा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा बदलता येत नाही. सौर प्रकल्पाला माझा विरोध नाही, कारण शेतीला दिवसा वीज ही आपली खरी गरज आहे, परंतु आधी मुरमाड, गवत न उगवणारा तुकडा दाखवावा आणि ढोरांची पाण्याकडे जाणारी वाट कुंपणात अडकणार नाही, हे नकाशावर आखून घ्यावे.

ग्रामसभेची सूचना किमान सात दिवस आधी द्यावी, दवंडीही द्यावी. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट नसते, आणि मोठे निर्णय नेमके अशा विरळ सभेत मंजूर होतात. म्हणून जमिनीचा विषय तहकूब सभेत घ्यायचा नाही, असा ठराव गावाने स्वतःहून आधीच करावा. महिलांची सभा त्याआधी घेणे बंधनकारक आहे. ती केवळ सह्यांपुरती न उरकता सरपण आणि चाऱ्याचा विषय तिथेच सविस्तर घ्यावा.

ठरावात गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा, उपयोग, मुदत, चराईसाठी राखलेला भाग आणि विरोधी मते यांची स्पष्ट नोंद हवी. वापराची जी यादी केली ती ठरावाला जोडावी, आणि निस्तारपत्रकात काही नोंद राहिली असेल तर ती दुरुस्त करण्याची विनंती ग्रामपंचायतीने त्याच वेळी जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवून पोच घ्यावी.