फ्यूएल पंप घरी बदलताय? आधी या चुका टाळा

आमच्या सोसायटीतल्या एका काकांची हॅचबॅक एके सकाळी सुरूच होईना. सेल्फ खणखणीत फिरतोय, पण इंजिन पकडत नाही. फोनवरच कुणीतरी त्यांना "पंप गेला", म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा फ्यूएल पंप खराब झाला, असं सांगून टाकलं, आणि काका नवा पंप विकत घेऊनच माझ्याकडे आले. मी त्यांना मागच्या सीटवर बसवलं आणि चावी ऑन केली. "काका, सीटखाली गूं असा आवाज येतोय का?" "नाही रे, काहीच नाही." फ्यूज बॉक्स उघडून पंपाचा रिले (पंपाला वीज जोडणारा छोटा स्विच) उपसला, तर त्याची एक पिन जळून काळी पडलेली. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा होता. तो तात्पुरता तिथे लावला आणि गाडी लगेच सुरू झाली. नवा पंप मात्र अंगावर पडला, कारण खोकं फोडलेला इलेक्ट्रिकल पार्ट दुकानदार परत घेत नाही.

मागच्या सीटखाली झाकण असलेल्या पेट्रोल गाडीचा पंप घरी बदलता येतो, हे मी स्वतः करून सांगतोय. डिझेल गाडीच्या वाटेला जाऊ नका. कॉमन रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या पाइपात, हजार बारच्या वर दाब असतो, ते घरचं काम नाही.

न तपासता पंपावर आळ घेणं

चावी ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद चालून लाइनमध्ये दाब भरतो आणि थांबतो. तो आवाज आला नाही तर आधी फ्यूज आणि रिले बघा. फोर्ड आणि फियाटच्या बऱ्याच गाड्यांत धक्का बसल्यावर पंप बंद करणारा स्विच असतो. मोठ्या खड्ड्यात आपटल्यावर गाडी बंद पडली असेल तर तो दाबून पाहा. मग पंपाच्या कनेक्टरवर इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडून चावी ऑन करा. नुसत्या मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दिसतात, पण गंजलेली वायर लोड आल्यावर मान टाकते. बल्ब मंद पेटला तर दोष वायरिंगचा किंवा अर्थिंगचा. ही तपासणी टाकी उघडण्याआधीच उरका, बल्ब चांगलाच तापतो.

सीएनजी गाडीत निदान आणखी सोपं. थेट गॅसवर स्टार्ट करायची सोय असेल तर करून पाहा. गॅसवर चालते आणि पेट्रोलवर नाही, म्हणजे प्लग, कॉइल, सेन्सर ठीक आहेत, गडबड पेट्रोलच्या बाजूची आहे. दोन्हींवर चालत नसेल तर पंप बहुधा निर्दोष.

पंप गुणगुणतोय, गावात गाडी ठीक चालते, पण खंबाटकीसारख्या घाटात दम तोडते? मग दाब मोजून घ्या. बहुतेक गाड्यांत तो ३ ते ४ बार लागतो. कमी भरला तर पंपाच्या तळाची जाळी तुंबलेली असू शकते.

पेट्रोल कायम रिझर्व्हवर ठेवणं

आपल्याकडे पंप जळण्याचं हे मोठं कारण आहे. सीएनजी स्वस्त पडतो म्हणून टाकीत दोन लिटर पेट्रोल ठेवून लोक महिनोन्‌महिने फिरतात. पण काही गाड्यांत, विशेषतः बाहेरून किट बसवलेल्या गाड्यांत, गॅसवर चालतानाही पेट्रोलचा पंप फिरत राहतो, आणि त्याला गारवा आणि वंगण मिळतं ते भोवतीच्या पेट्रोलमधूनच. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं. रिकाम्या टाकीत दमट हवा जास्त, त्यामुळे कोकणात आणि पावसाळ्यात हा त्रास वाढतो. नवा पंप बसवल्यावर निदान पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा, नाहीतर वर्षभरात पुन्हा तेच काम निघेल.

बंदिस्त जागेत टाकी उघडणं

इथे मी कुणाचीही भीड ठेवत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. उणे ४० अंशांच्या थंडीतही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, मग आपल्या मे महिन्यात काय होत असेल? बेसमेंट पार्किंग नको, शटर लावलेलं गॅरेज नको. बंगल्याच्या पोर्चमध्ये काम करत असाल तर देवघरातला दिवा आणि स्वयंपाकघरातली शेगडी आधी विझवायला सांगा. गाडीची चारही दारं उघडी ठेवा. बल्बचा हँडलॅम्प वापरू नका. पावडरचा अग्निशामक हाताशी हवा; पाणी ओतलं तर पेट्रोल त्यावर तरंगत आग आणखी पसरवतं.

टाकी पाव किंवा त्याहून कमी असताना काम काढा. आणि पेट्रोल तोंडाने ओढू नका. चार थेंब फुप्फुसात गेले तरी माणूस दवाखान्यात पोचतो. हाताने दाबायचा पंप कुठेही मिळतो.

बॅटरी आधी काढणं

सावध माणसाच्या हातून होणारी चूक ही. बॅटरी काढली म्हणजे सुरक्षित, असं वाटतं, पण लाइनमधला दाब तसाच राहतो आणि पाइप सुटताच पेट्रोल डोळ्यांत उडतं. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन सुरू करून आपोआप बंद पडू द्या, वर दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. पंपच मेला असेल तरी सेल्फ मारा, आणि पाइप सोडताना त्यावर जाड फडकं गुंडाळा. बॅटरीची निगेटिव्ह त्यानंतर.

घाईने उघडणं

सीटखालच्या झाकणाभोवती वर्षानुवर्षांची माती असते. ब्रश आणि ओल्या फडक्याने ती आधी काढा, नाहीतर सगळी टाकीत जाईल. पाइपाचं प्लास्टिक कनेक्टर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. दोन्ही बाजूंची कानं दाबून सरळ ओढलं की निघतं. पंप टाकीवर आवळून धरणाऱ्या लॉक रिंगवर लोखंडी छिन्नी-हातोडा चालवला तर ठिणगी उडू शकते, तिथे लाकडी ठोकळा वापरा. काही गाड्यांना सीटखाली झाकण नसतं, टाकी उतरवावी लागते. तिथे फ्लोअरचा पत्रा ग्राइंडरने कापणारे महाभाग आहेत. पेट्रोलच्या टाकीवर ग्राइंडर! अशी गाडी सरळ गॅरेजला न्या.

नुसती मोटर बदलणार असाल तर जाळीही नवी घाला. टाकीतल्या वायरला पीळ देऊन इन्सुलेशन टेप गुंडाळू नका, तिचा गोंद पेट्रोलमध्ये विरघळतो. पेट्रोलच्या बाहेर वापरायचा साधा रबरी पाइप आत बुडवला की फुगतो आणि सुटतो. आणि नवा पंप "चालतो का बघू" म्हणून बाहेर कोरडा फिरवू नका.

जुनंच सील परत घालणं

पहिल्या वेळी मी हेच केलं होतं. सीलची रबरी रिंग वरवर चांगली दिसत होती, म्हणून पुसून परत घातली. गाडी छान चालली. तीन आठवड्यांनी लांबच्या प्रवासासाठी टाकी फुल केली आणि पहिल्याच वळणावर मागे बसलेली मुलगी म्हणाली, "बाबा, पेट्रोलचा वास येतोय." सीट उचलली तर झाकणाच्या खोबणीत पेट्रोल साचलेलं, माझ्या लेकराच्या बरोब्बर खाली. जुनं रबर पेट्रोलने फुगतं, पुन्हा खोबणीत नीट बसत नाही, आणि गळती दिसते ती टाकी भरल्यावरच. तेव्हापासून सील नवंच घालतो. त्यावर सिलिकॉन किंवा शेलॅकही नको, खोबण फक्त स्वच्छ आणि कोरडी हवी.

बसवताना पंपावरचा बाण टाकीवरच्या खुणेशी जुळवा. तिरका बसला तर फ्लोटचा (पेट्रोलवर तरंगून पातळी दाखवणाऱ्या तुकड्याचा) दांडा टाकीच्या भिंतीला अडतो आणि पेट्रोलचा काटा अर्ध्यावरच थबकतो. पाइप जोडताना "टक्" आवाज यायला हवा, वर एकदा ओढूनही पाहा.

मग काढलेला फ्यूज किंवा रिले आणि बॅटरी परत जोडा, आणि चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ करून दाब भरा. प्रत्येक वेळी पंप थांबल्यावर टॉर्चच्या उजेडात कनेक्टर आणि सीलभोवती बोट फिरवा. कोरडं असेल तरच इंजिन सुरू करा. सीट मात्र लगेच बसवू नका. जवळच्या पेट्रोल पंपावर टाकी फुल करून आणा, एक चक्कर मारा, पुन्हा बोट फिरवा. पेट्रोलची फडकी डिकीत कोंबून ठेवू नका, उघड्यावर सावलीत पूर्ण वाळू द्या.