परकीय आक्रमक प्रजातींवर काम करायचंय? मग या चुका टाळा

एमएस्सीचे निकाल लागले की मेसेज सुरू होतात. 'सर, मला इन्व्हेजिव्ह स्पीशीजवर काम करायचंय, कुठून सुरुवात करू?' करा की. घाणेरी, रानमोडी, गाजर गवत, वेडी बाभूळ, जलपर्णी, तळ्यातला चिलापी मासा. महाराष्ट्रात या कामाला तोटा नाही. २०२३ साली आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरसरकारी मंचाचा जागतिक अहवाल आला. माणसाने इकडची तिकडे नेलेल्या ३७ हजारांहून अधिक प्रजातींची त्यात दखल आहे आणि त्यातल्या साडेतीन हजारांहून जास्त उपद्रवी ठरल्या आहेत. विषय संपेल ही भीती नको. पण नव्याने येणारी पोरं, आणि कधी कधी त्यांचे गाईडसुद्धा, वर्षानुवर्षं त्याच चुका करतात. त्या बघून बघून वैताग आलाय, म्हणून हे लिहितोय.

गाडीतून उतरायचंच नाही

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे हिच्यावर जरा जास्त बोलणार आहे.

एका कॉलेजचा पीएचडीचा मुलगा रानमोडीवर काम करत होता. भाग कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याचा, आंबा घाटाच्या आसपासचा. हुशार मुलगा, आर ही संगणकभाषा उत्तम यायची, प्रजाती कुठे असेल याचं मॉडेल करणारं मॅक्सेंट सॉफ्टवेअर पाठ. भाड्याची जीप घेऊन ठरावीक अंतरावर थांबायचं, खाली उतरायचं, पाच पावलं आत जायचं, जीपीएस घ्यायचा, रानमोडी आहे की नाही ते लिहायचं आणि पुढे निघायचं. पॉइंट भरपूर झाले. मॉडेल चाललं. एयूसी, म्हणजे मॉडेलला मिळणारे एकापैकी मार्क, ०.९ च्या वर, गाईड खूश. निष्कर्ष असा की रानमोडी कुठे असणार हे सांगणारा सगळ्यात मोठा घटक म्हणजे 'रस्त्यापासूनचं अंतर'.

वनविभागापुढे सादरीकरण होतं. लालभडक पट्ट्यांचा नकाशा पडद्यावर आला. मागच्या रांगेतले एक वनपाल मान वाकडी करून बघत होते. म्हणाले, "न्हवं सर, ह्यो तर आमच्या रेंजच्या रस्त्यांचा नकाशा काढलाय तुमी." सगळे हसले. मुलगा गोरामोरा झाला. गाईड पाणी प्यायला लागले.

वनपालांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. रस्त्याकडेला रानमोडी खरोखरच जास्त असते. तिथे माती उकरलेली असते, ऊन मिळतं, डंपरमधून कुठून कुठून भराव येतो, आणि वाऱ्यावर उडणारं बी गाड्यांच्या झोताने आणखी पुढे जातं. पण तुम्ही रस्ता सोडून दुसरीकडे पाहिलंच नसेल, तर 'रस्त्याकडेला जास्त' हे कशाच्या जोरावर म्हणता? आत देवराईच्या कडेला काय आहे, तोड झालेल्या मालकी रानात काय आहे, वरच्या सड्यावर काय आहे, याचा एकही आकडा त्या डेटात नव्हता. मॉडेलने त्याला तो जिथे गेला होता त्या जागा परत दाखवल्या, आणि त्याबद्दल चांगले मार्कही दिले.

इंटरनेटवरून फुकट उतरवलेल्या नोंदींनाही हाच रोग आहे. आयनॅचरलिस्ट, जीबीआयएफ अशा जैवविविधतेच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटींवरच्या नोंदी लोक जिथे जातात तिथल्या असतात. शहराजवळच्या टेकड्या, शनिवार-रविवार, सप्टेंबरातलं कास. वापरा जरूर, पण त्या लोकांनी काढल्यात आणि लोक रस्त्याने जातात, एवढं ध्यानात ठेवा.

माझी पद्धत साधी आहे. घरी बसून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच रँडम पॉइंट टाकायचे, आणि तेही रस्त्यापासून जवळ, मध्यम, लांब अशा पट्ट्यांत वाटून. मग एसटीने गावात जायचं. गाडी सोबत असली की माणूस गाडीजवळच घुटमळतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता विद्यार्थ्यांना गाडीचं बिलच मंजूर करत नाही. गावातला एक माहितगार सोबत घ्या आणि त्याची रोजची मजुरी बजेटमध्ये आधीपासून धरा. एखादा पॉइंट करवंदीच्या जाळीत पडला तर शेजारच्या सोयीच्या जागी सरकवू नका. आणि काही सापडलं नाही तर शून्य लिहा. डेटाशीटवर शून्य लिहायला पोरांना कोण जाणे का लाज वाटते! रिकामा रकाना आणि शून्य यांतला फरक सहा महिन्यांनी लॅपटॉपसमोर बसल्यावर कळतो, तेव्हा वेळ गेलेली असते.

मोबाईलने सांगितलं म्हणून तीच प्रजाती

सूर्यफुलाच्या कुळातली बाळरोपं एकमेकांसारखीच दिसतात. ॲप अंदाज सांगतं, तो अंदाजच. नमुना दाबा, वाळवा, कागदावर चिकटवून हर्बेरियम शीट करा आणि पुण्यात बीएसआयच्या (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) पश्चिम विभागीय केंद्रात किंवा आघारकर संस्थेत नेऊन ताडून पहा. फोटो काढताना नुसतं फूल नको. पानाची खालची बाजू, खोड आणि जमले तर फळही हवं. रानमोडीचं पान चुरगळून वास घ्या, देठाजवळून निघणाऱ्या तीन शिरा बघा. एकदा नाकात बसलेला तो वास ॲपपेक्षा भरवशाचा.

तोडलं की संपलं

दुसरी लाडकी चूक. ही फक्त विद्यार्थ्यांची नाही, संस्थांचीही आहे.

विदर्भातल्या एका संरक्षित जंगलात एका संस्थेने एका कंपनीच्या सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या, पैशांतून घाणेरी काढायचं काम घेतलं होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर ब्रशकटर लावून जमिनीलगत सपासप कापणी झाली. बॅनर लागला, 'घाणेरीमुक्त जंगल' असे फोटो छापून आले. पाऊस पडला. प्रत्येक खुंटातून चार-पाच नवे फुटवे आले. जिथे पूर्वी एक दांडा होता तिथे आता झुबका. मधल्या मोकळ्या झालेल्या जागेत गाजर गवत आणि रानतुळस घुसली. पुढच्या वर्षी पैसे देणाऱ्या कंपनीने विचारलं, नेमका फायदा किती झाला? कोणाला सांगता येईना. कापणीच्या आधी तिथे काय होतं याची नोंद नव्हती, आणि न कापलेला एकही पट्टा तुलनेसाठी ठेवलेला नव्हता. तिथला वनरक्षक मला म्हणाला, "भाऊ, पैलेपेक्षा जास्तच झाली ना हे." पुरावा मात्र त्याच्या डोळ्यांचा, कागदावर काही नाही.

घाणेरी कशी काढायची हे काही गूढ राहिलेलं नाही. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट, कलेसर अशा ठिकाणी ते करून दाखवलंय. खोड आणि मूळ जिथे जुळतात तिथून फुटवे येतात. म्हणून मातीखाली, त्या भागाच्या खालून मुख्य मूळ कुदळीने तोडायचं, आणि झुडूप उपटून उलटं करून ठेवायचं, मुळं आभाळाकडे. म्हणजे ते पुन्हा मातीला लागत नाही. जेसीबीने अख्खी जमीन उकरायची गरज नाही. उकरलेली जमीन म्हणजे पुढच्या तणाला आमंत्रण.

खरं काम त्यानंतरचं, आणि तिथेच सगळे गळतात. घाणेरीची फळं बुलबुलासारखे पक्षी खातात आणि झाडावर बसून बी खाली टाकतात. पावसाळा झाला की मी आधी मोठ्या एकट्या झाडांखाली जातो, कारण नवी रोपं तिथेच दाटीने आलेली असतात. ती हाताने उपटता येतात तेव्हाच उपटायची. मोकळ्या जागेत मारवेल, पवन्या असं स्थानिक गवत लागलं पाहिजे, नाहीतर जागा रिकामी राहत नाही, दुसरं कोणीतरी येतंच. हे सगळं सलग तीन-चार पावसाळे करावं लागतं. एका वर्षाचं बजेट घेऊन कोणी आलं तर मी सरळ सांगतो, या पैशात क्षेत्र एक चतुर्थांश करा आणि वर्षं चार करा. बहुतेक जण परत फोन करत नाहीत.

जलपर्णीचंही हेच. काढून काठावर ढीग लावला की पावसात तो पुन्हा पाण्यात. शिवाय सांडपाणी येतच राहिलं तर खुराक चालूच. पाण्यातलं नायट्रेट, फॉस्फेट न मोजता जलपर्णीवर 'संशोधन' करणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

किडा सोडा, दुसरं झाड लावा

शॉर्टकटवाल्यांचा आवडता प्रश्न: 'यावर काही किडा नाही का?' गाजर गवतावर आहे. मेक्सिकोहून आणलेला झायगोग्रामा भुंगा १९८४ मध्ये बंगळुरूला सोडला, तो चांगला पसरला. पण तो पावसाळ्यात काम करतो आणि कोरड्या दिवसांत मातीत झोपतो. एप्रिलमध्ये सर्वेक्षण करून 'भुंगा निष्प्रभ' असं लिहिलेला प्रबंध मी वाचलाय. असे भुंगे सोडण्याआधी ते दुसरं काही खात नाहीत ना, हे वर्षानुवर्षं तपासतात. ते न करता घाई केली की काय होतं ते हवाई आणि ताहितीच्या बाजूच्या बेटांवर बघा. आफ्रिकन गोगलगाय मारायला दुसरी शिकारी गोगलगाय आणली, आणि तिने तिथल्या स्थानिक गोगलगायींचा फडशा पाडला. आपल्याकडे गाजर गवताला हटवायला सेना युनिफ्लोरा ही दुसरी वनस्पती पेरायचा सल्ला दिला गेला. तीही अमेरिका खंडातलीच. आज दख्खनवर रस्त्यांच्या कडेने तिचंच राज्य आहे.

पहिल्याच पानावर पीएल-४८०

गाजर गवतावरचा प्रबंध उघडला की पहिलं वाक्य ठरलेलं: हे तण पीएल-४८० च्या, म्हणजे अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली आलेल्या, गव्हातून भारतात आलं. एकाने लिहिलं, शंभरांनी उतरवलं. जरा तारखा बघा. पुण्यात हे झाड १९५५ च्या सुमारास नजरेत भरलं आणि १९५६ मध्ये बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) जर्नलमध्ये त्याची नोंद छापून आली. भारताचा पीएल-४८० चा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. त्याआधी १९५१ च्या मदतीतूनही अमेरिकेचा गहू आला होता, तेव्हा धान्याचा संबंध असेलही. पण डेहराडूनच्या हर्बेरियममध्ये याच झाडाचं १८८० चं शीट आहे! म्हणजे झाड आधीच कुठेतरी होतं, फोफावलं नंतर. आक्रमक प्रजाती अशा दशकानुदशकं गप्प बसू शकतात, हीच खरी अभ्यासाची गोष्ट, आणि ती सोडून आपण राजकारणाचा किस्सा सांगत बसतो. मूळ नोंद वाचल्याशिवाय 'कधी आलं' हे वाक्य लिहू नका.

परकं ते सगळं वाईट

मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू, काजू सगळे बाहेरचे. परकीय आणि आक्रमक हे दोन वेगळे रकाने आहेत. उलट ज्याला आपण 'वृक्षारोपण' म्हणून टाळ्या वाजवतो त्या बाहेरून आणलेल्या गिरिपुष्पाने पुण्याच्या टेकड्यांवरच्या माळरानाचं काय केलंय, ते जाऊन पहा.

लोकांना न विचारता

सोलापूर, अहिल्यानगरकडे वेडी बाभूळ हे सरपण आहे, कोळसा आहे, शेळ्यांना शेंगा आहेत. 'समूळ उच्चाटन' असा शब्द घेऊन गावात जाल तर मावशी चहाही देणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. आधी विचारा, चूल कशावर पेटते?

परवानग्या आणि पैसे

अभयारण्यात काम असेल तर अर्ज नागपूरला वनभवनात जातो आणि तिथून वेळेवर परत येतोच असं नाही. पावसाळ्यात काम हवं असेल तर आदल्या दिवाळीत अर्ज टाका. वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परकीय प्रजातींसाठी ६२अ हे कलम आलंय, ते वाचून जा, मुलाखतीत विचारतात.

जेआरएफ, म्हणजे नव्या संशोधकाची फेलोशिप, कागदावर महिना ३७ हजार आहे. हातात पडायला कित्येकदा महिने लागतात. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय प्रोजेक्टवर उडी मारू नका. आणि पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापणाऱ्या जर्नलांत पेपर देऊ नका, बायोडेटात तो दिसला की आम्ही पुढचं पान उघडत नाही.

गाजर गवत उघड्या हातांनी उपटू नका. अंगावर उठतं, काहींना दमा होतो. हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि फुलं यायच्या आत.

दुसऱ्या वर्षी प्लॉटच सापडत नाही

प्लॉट म्हणजे दरवर्षी मोजणीसाठी आखून ठेवलेला चौकोन. तो सापडत नाही, हा फोन मला दर सप्टेंबरात येतो. कारण तीनच. लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या, त्या भंगारात गेल्या. झाडावर रंगाची खूण होती, ती पावसाने आणि शेवाळाने गिळली. आणि दाट झाडीत जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतो, म्हणजे पाच बाय पाचचा प्लॉट असेल तर तुम्ही शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये उभे आहात.

मी काय करतो ते सांगतो. प्लॉटच्या चारही कोपऱ्यांत वीतभर खोल फुटक्या कौलाचा तुकडा पुरतो. कौल कोणी चोरत नाही, कुजतही नाही. मग जवळच्या दोन न हलणाऱ्या गोष्टींपासून, मोठा कातळ, जुना आंबा, गडगा, टेपने अंतर आणि होकायंत्राने दिशा घेतो. त्या कातळावर उभं राहून प्लॉटचा फोटो काढतो, आणि पुढच्या वर्षी त्याचा प्रिंट हातात धरून तिथेच उभा राहतो. वहीत हाताने नकाशा काढतो, पायवाटेसकट. आणि ही माहिती सोबत आलेल्या गावकऱ्याला दाखवून ठेवतो, कारण दुसऱ्या वर्षी तुम्ही नसाल, तुमचा ज्युनियर असेल. हातात खुरपं घेऊन उकरताना कौल खट्ट वाजलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.