हीटर पेटला म्हणजे ट्यूब जुळली, असं नाही

एखादा छोटा ट्यूब अ‍ॅम्प स्वतः बांधलाय किंवा दुरुस्त केलाय, आणि आता १२एएक्स७च्या (अ‍ॅम्पच्या सुरुवातीच्या टप्प्यातली नेहमीची छोटी ट्यूब) जागी दुसरं काही लावून बघायचंय, अशांसाठी हे लिहितोय. बायस, एचटी, प्लेट, कॅथोड हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

पर्यायी ट्यूब वापरणं म्हणजे पाप नाही. लंडनमध्ये १९६२ साली मार्शलचा पहिला अ‍ॅम्प तयार झाला तोच मुळी फेंडर बेसमनच्या सर्किटवर, आणि पुढे त्यात इंग्लंडात सहज मिळणाऱ्या केटी६६ आणि ईएल३४ या पॉवर ट्यूब आल्या. पण त्यांनी ट्यूब बदलली तेव्हा तिच्याभोवतीचं सर्किटही तपासलं. आपण बहुतेक वेळा फक्त सॉकेट बघतो.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो रशियन ६एन२पीने. गेन जवळपास १२एएक्स७एवढाच, शंभरच्या आसपास. प्लेट, ग्रिड, कॅथोड, सगळ्या पिना जागच्या जागी. फरक फक्त हीटरचा. १२एएक्स७च्या हीटरला मधोमध तिसरी तार काढलेली असते, तीच पिन ९. पिन ४ आणि ५ एकत्र बांधून ९शी ६.३ व्होल्ट दिले तरी चालतो, आणि ४-५मध्ये १२.६ दिले तरी चालतो. ६एन२पीला मात्र ४-५मध्येच ६.३ लागतात, तिची ९ नंबरची पिन म्हणजे आतली शील्ड. त्यामुळे नेहमीच्या सॉकेटमध्ये ती पेटतच नाही, आणि १२.६वर चालणाऱ्या सॉकेटमध्ये दुप्पट व्होल्टेज खाऊन जळते.

तुमचं सॉकेट यातलं कोणतं, हे ओळखताना मल्टीमीटरच्या बीपवर विसंबू नका. ४-५मध्ये तार असली तरी बीप वाजतो आणि ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग असलं तरी वाजतो, कारण वाइंडिंगचा रोध एका ओहमहूनही कमी असू शकतो. ट्यूब काढा, अ‍ॅम्प बंद असतानाच हुकवाले प्रोब लावा, मग चालू करून व्होल्टेज वाचा. ४-५मध्ये शून्य आणि ४-९मध्ये ६.३ आले, तर पिना बांधलेल्या आहेत. एसी आणि डीसी, दोन्ही रेंजवर बघा. काही अ‍ॅम्पमध्ये हीटर डीसीवर असतो. चालू अ‍ॅम्पमध्ये हातात प्रोब धरून तिथे जाऊ नका. पाचच्या शेजारी सहा, आणि सहावर प्लेटचं व्होल्टेज असतं.

पिना बांधलेल्या असतील तर पुढचं काम अवघड नाही. ४-५मधली तार काढा, हीटरच्या दोन तारा त्या दोन पिनांना द्या, ९ ग्राउंडला. ट्यूब पेटते, आवाज येतो, आणि माणूस खूश होऊन मागचं पॅनल बंद करतो. खरा धोका इथून पुढे आहे. ६एन२पीमध्ये हीटर आणि कॅथोड यांच्यातला फरक १०० व्होल्टच्या आत राहावा लागतो. साध्या गेन स्टेजला कॅथोड दीड-दोन व्होल्टवर असतो, तिथे निर्धास्त राहा. पण बेसमन किंवा मार्शल पद्धतीच्या सर्किटमध्ये टोन कंट्रोलच्या आधी जो कॅथोड फॉलोअर (सिग्नल न वाढवता कॅथोडवरून पुढे देणारा टप्पा) असतो, त्याचा कॅथोड दीडशे व्होल्टच्याही वर बसलेला असतो. तिथे ६एन२पी आज वाजेल, उद्याही वाजेल, मग हम वाढेल, खरखर येईल, आणि तुम्ही कंडेन्सर बदलत बसाल. त्या एका सॉकेटमध्ये १२एएक्स७च ठेवा. हीटरच्या सप्लायलाच वरचं डीसी व्होल्टेज देऊन मार्ग काढता येतो, पण पहिल्या अ‍ॅम्पवर तो उद्योग नको.

आणखी एक गोष्ट. तार बदललेल्या त्या सॉकेटमध्ये ईसीसी८८ ही दुसरी ट्यूबही पेटते, कारण तिचा हीटर तसाच. पण तिच्या प्लेटची कमाल मर्यादा १३० व्होल्ट. अडीचशेवर ती टिकणार नाही.

पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी रेडिओतले व्हॉल्व्ह, म्हणजे ट्यूबच, मिळतात, आणि त्यात यूएल८४ दिसली की ईएल८४ या पॉवर ट्यूबची बहीण म्हणून उचलावीशी वाटते. पहिलं अक्षर वाचा. ई म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर. यू म्हणजे १०० मिलिअँपची सिरीज. यूएल८४ला ४५ व्होल्ट लागतात. ते कसेबसे जुळवलेत तरी ती १७० व्होल्टच्या आसपास काम करण्यासाठी बनलेली आहे. ईएल८४च्या अ‍ॅम्पमधल्या एचटीवर तिचा स्क्रीन ग्रिड लाल होतो. आणि ज्या रेडिओत यू मालिका असते त्याला बहुतेक वेळा मेन्स ट्रान्सफॉर्मरच नसतो, मेन्सचं एक टोक थेट चेसिसला असतं. तसल्या रेडिओत गिटार लावू नका. कधीच नाही. गिटारच्या तारा त्याच चेसिसला जोडल्या जातात आणि तुमची बोटं त्या तारांवर असतात.

घाबरून सोडून देण्यासारखं मात्र यात काही नाही. ५७५१, १२एवाय७, ईसीसी८१ या १२एएक्स७च्या जागी एकही तार न हलवता बसतात, गेन कमी होतो इतकंच. अ‍ॅम्पचा आवाज फार लवकर फाटत असेल तर पहिल्या सॉकेटमध्ये १२एवाय७ लावून ऐका, फेंडरने पन्नासच्या दशकात तेच केलं होतं. ईएल८४ला ६पी१४पी, ६व्ही६ला ६पी६एस सरळ चालतात. बायस मात्र मोजा. ६व्ही६च्या जागी ६एल६ ठोकू नका, हीटरचा करंट ०.४५वरून ०.९ अँपवर जातो आणि ट्रान्सफॉर्मर तापतो.

ऑनलाइन मिळणारे तयार अ‍ॅडाप्टर मला पटत नाहीत. सोल्डरिंग वाचतं, पण आपल्या अ‍ॅम्पचा हीटर कसा वायर केलाय हे तुम्हाला कधी कळतच नाही. त्यापेक्षा पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या तपकीर गल्लीतून दोन सिरॅमिक सॉकेट आणा आणि हाताने करा. शिकवायला व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेले एखादे काका मिळाले तर त्यांचे पाय धरा. पण निवड जपून करा. जे डेटाशीट न बघता ‘चालतंय की’ म्हणतात, त्यांच्यापेक्षा ‘थांब, आधी मोज’ म्हणणारे बरे, मग ते कितीही खेकसू देत.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब (मेन्सच्या तारेत ओळीने जोडलेला साधा बल्ब) लावा. आत हात घालण्याआधी मोठ्या कंडेन्सरवर व्होल्टेज उरलं नाही ना, ते मीटरने बघा. प्लग काढला तरी तो चार्ज धरून ठेवतो.

आणि सॉकेटची तार बदललीत तर लगेच मार्करने चेसिसवर तिथेच लिहा: ‘६एन२पी, ४-५ला ६.३, ९ ग्राउंड’. नाहीतर पुढे कुणीतरी तिथे १२एएक्स७ लावेल, तिला अर्धंच व्होल्टेज मिळेल, ती मंद पेटेल, आवाज मेल्यासारखा येईल, आणि दोष बिचाऱ्या ट्यूबला लागेल.